ठिपका दिसला पाहिजे: लांब लेन्स आणि हलणारा व्हिडिओ

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आहे: "दादा, झूम केलं की व्हिडिओ हलतो, काय करू?" आज त्यावरच बोलू. मी सोनगीरचा आणि कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे थोडं गणित येईल. पण फक्त गुणाकार-भागाकार, घाबरू नका.

आधी, व्हिडिओ स्थिर का हवा? सोनगीरहून दोंडाईचामार्गे शहाद्याला रस्ता जातो. २५ नोव्हेंबर १९९७ ला त्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा हे घुबड पुन्हा सापडलं. शहादा तेव्हा आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. त्याआधीचा खात्रीचा नमुना होता १८८४ चा, जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशातच गोळा केलेला. मधे ११३ वर्षं काहीच नाही. १९१४ चा एक नमुना रिचर्ड मेनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावर होता, पण तो चोरीचा निघाला. संग्रहालयातलाच जुना पक्षी उचलून त्याला नवी चिठ्ठी लावलेली! हे उघडकीस आणलं पामेला रासमुसेन यांनी. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघं शोधायला इथं आले. पक्षी दिसला तेव्हा त्यांनी त्याला मारलं नाही. त्याचा व्हिडिओ काढला, फोटो काढले आणि तोच पुरावा ठरला.

आता मुद्दा बघा. आपल्या गावात दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. व्हिडिओ हलला की ठिपके पुसले जातात आणि साधा पिंगळासुद्धा रानपिंगळ्यासारखा दिसायला लागतो. म्हणजे हललेला व्हिडिओ नुसता वाईट दिसतो असं नाही, तो चक्क खोटं बोलतो.

गणित करू. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिलीमीटरची लेन्स लावली तर आडवं दृश्य जेमतेम साडेतीन अंशांचं. ४के व्हिडिओत आडवे ३८४० पिक्सेल. म्हणजे एका अंशात सुमारे अकराशे पिक्सेल. कॅमेरा अंशाच्या फक्त दहाव्या भागाने हलला की चित्र शंभरावर पिक्सेल सरकतं. आता पक्षी ३० मीटरवर आहे असं धरा. तिथे फ्रेमची रुंदी १.८ मीटर, म्हणजे एक पिक्सेल जवळपास अर्ध्या मिलीमीटरचा. समजा डोक्यावरचा ठिपका तीन मिलीमीटरचा आहे, तर तो सहा पिक्सेलचा. शंभर पिक्सेलच्या हलण्यापुढे सहा पिक्सेल कुठे टिकणार?

"नंतर सॉफ्टवेअरमध्ये स्थिर करू," असं काही जण म्हणतात. माझा रोजचा धंदाच सॉफ्टवेअरचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. सॉफ्टवेअर सरकलेली फ्रेम जागेवर आणतं. पण फ्रेम टिपतानाच जो ठिपका फराटा झाला, तो परत येत नाही. म्हणून काम जागेवरच करायचं.

पहिलं म्हणजे, ट्रायपॉड कॅमेऱ्याच्या तळाला नाही, लेन्सच्या कॉलरला जोडायचा. प्लेट पुढे-मागे सरकवून तोल साधायचा, इतका की हँडल सोडलं तरी लेन्स पुढे झुकू नये. मधला दांडा वर काढायचा नाही. उंची हवी तर पायांचे जाड भाग आधी उघडायचे. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाकायचा, तो वाऱ्यात फडफडतो. रेकॉर्डिंग शक्यतो मोबाइलच्या अ‍ॅपवरून किंवा रिमोटने सुरू करायचं. बटण दाबावंच लागलं तर दाबून हात सोडायचा. पहिली तीन-चार सेकंदं कंप शांत होण्यासाठी, ती कापायची आहेत असं समजूनच चालायचं.

ट्रायपॉड नाही? जाड कापडाची पिशवी घ्या, त्यात ज्वारी पाऊण भरा, तोंड शिवून टाका. गाडीच्या खिडकीवर, बांधावर, दगडावर ही पिशवी ठेवायची आणि लेन्स तिच्यात दाबून बसवायची. मोबाइल दुर्बिणीला लावून शूट करत असाल, तरी दुर्बिणीखाली हीच पिशवी चालते.

शटरचं काय? २५ फ्रेमला १/५० ठेवा, असं सगळे सांगतात. हालचाल मऊ दिसावी म्हणून ते ठीक. पण ओळख पटवायची असेल तर उजेड आहे तोवर १/२५० किंवा त्याहून जलद घ्या. हालचाल जरा तुटक दिसेल, पण ठिपका दिसेल.

सरावाला आपला किल्ला आहेच. वर वारा भरपूर, त्यामुळे ट्रायपॉडची खरी परीक्षा होते. खाली मुंबई-आग्रा हायवे. एक ट्रक धरा आणि तो फ्रेममध्ये त्याच जागी ठेवत पॅन करा. ट्रक जमला की मग घार.

एका गोष्टीवर मात्र ट्रायपॉडचा इलाज नाही: आपलं ऊन. जमीन तापली की हवाच लहरते आणि पक्षी पाण्यात असल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय एकच, सकाळी लवकर. रानपिंगळा दिवसाही बाहेर असतो, सागाच्या शेंड्याला उघड्यावर बसतो, त्यामुळे सकाळ वाया जात नाही.

आणि शेवटचं. व्हिडिओ हलतो म्हणून लोक जवळ जातात. जवळ जाऊन जमत नाही म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतात. त्या पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला. मग तो शिकार सोडून, घरटं सोडून भांडायला येतो. तुमची दहा सेकंदांची क्लिप, त्याची अख्खी सकाळ. ११३ वर्षांनी सापडलेल्या पक्ष्याशी असं वागायचं नाही. आवाज वाजवायचा नाही, घरट्याचं ठिकाण टाकायचं नाही, अभयारण्यात वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय जायचं नाही.

लांब लेन्स लांब राहण्यासाठीच असते. ती स्थिर धरता आली की जवळ जायची गरजच उरत नाही.

ज्वारीची पिशवी शिवली की फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!