अनंतस्पर्शी रेषा आणि आलेख

आलेख अनंतस्पर्शी रेषेला कधीच शिवत नाही, हे पाठ केलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. अंशात क्ष आणि छेदात क्षचा वर्ग अधिक 1 घ्या. क्ष 10 असताना किंमत 10 छेद 101, क्ष 100 असताना 100 छेद 10001. म्हणजे आलेख क्ष-अक्षाला चिकटत जातो. तीच त्याची आडवी अनंतस्पर्शी. पण क्ष शून्य ठेवा, किंमतही शून्य! त्याच अक्षाला तो आरंभबिंदूत चक्क छेदून जातो, कारण आडवी रेषा फक्त दूरवरचं वागणं सांगते.

उभ्या रेषेला तरी शिवत नाही ना, असं कुणी विचारेल. बरोबर, तिथे छेद शून्य होतो. मात्र तेवढ्यावरून उभी अनंतस्पर्शी ठरवू नका. क्षचा वर्ग उणे 4 भागिले क्ष उणे 2 यात अवयव कटतात, आणि उरते सरळ रेषा, फक्त क्ष 2 असताना 4 उंचीवर भोक पडलेली.