ग्रंथपालाची लहानसहान सुखे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘ग्रंथवाचनाचे महत्त्व’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. परंतु ते महत्त्व आपण सर्वजण जाणता, आणि जाणलेली गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे जेवून उठलेल्यास आग्रह करण्यासारखे आहे. म्हणून आपल्या अनुज्ञेने आम्ही विषय थोडा बदलतो. ज्ञातिगृहातील वाचनालयाच्या लहानशा खोलीत बसून आम्हांस जी सुखे लाभतात, ती आज आपल्यापुढे ठेवतो. त्यांच्या जोडीला एक दुःखही आहे. तेही लपविणार नाही.

पहिले सुख परत आलेल्या पुस्तकाचे. पुस्तक घरोघर हिंडून येते ते रिकाम्या हाताने येत नाही. पिंपळाचे जाळीदार पान, एस.टी.चे तिकीट, वाणसामानाची यादी, लग्नपत्रिकेचा तुकडा, असे काहीतरी पानांत राहून गेलेले असते. वाचक कोठवर आला आणि कोठे थांबला, हे त्या खुणेवरून कळते. आम्ही ती खूण काढून वाचकाच्या स्वाधीन करतो. क्वचित तो ती ओळखतो आणि लाजतो.

दुसरे सुख पुस्तकाला चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठीचे. एखाद्या पुस्तकावर शेवटचा शिक्का वीस-वीस वर्षांपूर्वीचा असतो, आणि एके दिवशी कोणी शाळकरी मुलगी नेमके तेच मागावयास येते. डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील दोन असे की, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. जुन्या शिक्क्याखाली नवा शिक्का उमटवताना या दोन्ही सिद्धांतांचा अर्थ आम्हांस जितका कळतो, तितका तो परीक्षेच्या अभ्यासात कळला नव्हता.

तिसरे सुख आमच्या स्वतःच्या वाचनाचे. हल्ली रात्री निजण्यापूर्वी आम्ही शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ वाचतो. सूची ती काय वाचावयाची, असे घरातील मंडळी विचारतात. परंतु 1800 ते 1937 या काळातील छापील मराठी पुस्तकांची ही नोंद चाळू लागले की, किती गावांतून, किती छापखान्यांतून माणसे लिहिण्याची आणि छापण्याची धडपड करीत होती, ते पाहून मन थक्क होते. मोल्सवर्थचा कोशही असाच. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची व दुसरी 1857 ची. आता तो घरबसल्या भ्रमणध्वनीवरही पाहता येतो, तरी पाने उलटताना शेजारचा न शोधलेला शब्द भेटतो, ते सुख निराळेच. मध्यंतरी ‘कसर’ या शब्दापाशी आम्ही थबकलो. कसर म्हणजे पुस्तके खाणारा किडा, आणि कसर म्हणजे उणीवही. ग्रंथपालाला दोन्हींची भीती सारखीच.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आम्ही यंदा पुन्हा वाचले. वरसईचे हे गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, 1857 च्या धामधुमीत सापडले आणि झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती 1907 साली संपादून छापली; मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली प्रसिद्ध केला. सांगावयाचे ते इतकेच की, एका सामान्य कुटुंबातील माणसाची वही जाणत्या हाती पडली आणि जपली गेली, म्हणून ती आपणांस वाचावयास मिळते.

येथेच आमचे दुःख सांगावयाचे आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही जीर्ण पुस्तके बाद करण्याचे काम काढले. त्यांत एक हस्तलिखित वही होती. पुठ्ठा गेलेला, पहिली पाने नाहीत, शाई फिकट. आम्ही ती उघडून नीट पाहिलीसुद्धा नाही. ती रद्दीत गेली. पुढल्या वर्षी ज्ञातीतील एक वयस्क भगिनी आल्या. त्यांच्या आजीने जात्यावरच्या ओव्या एका वहीत उतरविल्या होत्या व ती वही वाचनालयास दिली होती, असे त्यांनी आईकडून ऐकले होते. आम्ही जुने दाखल रजिस्टर काढले. आमच्या पूर्वीच्या ग्रंथपालांच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती: ‘ओव्या, हस्तलिखित, वही 1.’ त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, तिच्यावरून बोट फिरविले आणि ‘बरे झाले, नाव तरी आहे,’ असे म्हणून त्या गेल्या. ते शब्द आम्हांस अद्याप टोचतात.

त्या दिवसापासून आमचा नियम असा की, रजिस्टर पाहिल्यावाचून आणि पानांची छायाचित्रे घेतल्यावाचून एकही कागद खोलीबाहेर जात नाही. परंतु आमच्या खोलीपेक्षा आपल्या घरांतील माळ्यांवर अधिक ठेवा आहे. म्हणून विनंती एवढीच की, या दिवाळीच्या साफसफाईत आजीची वही, आजोबांची पत्रे, लग्नाच्या खर्चाची यादी किंवा जुनी स्मरणिका सापडली, तर रद्दीवाल्याच्या आधी ती आम्हांस दाखवावी. आम्ही ती ठेवून घेणार नाही; छायाचित्रे काढून परत देऊ. येताना घरातील एखाद्या मुलास बरोबर आणावे. ते अक्षर कोणाचे, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम व्हावयाचे आहे.