काळ्या खडीभोवतीचा पातळ थर

मराठवाड्यात काँक्रीटसाठी वापरली जाणारी खडी बहुतांशी दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे लाव्ह्यापासून घडलेल्या काळ्या दगडाची असते, आणि हा दगड इतका घट्ट असतो की नेहमीच्या बांधकामातले काँक्रीट दाबाखाली फुटते तेव्हा तडा सहसा खडीला न भेदता तिला वळसा घालून जातो. खडीला लागून सिमेंटच्या लगद्याचा जो सुमारे २० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा थर असतो, तेथे सिमेंटचे कण दाटीने बसू शकत नाहीत आणि पाणी अधिक साचते, त्यामुळे तो थर सच्छिद्र व दुबळा राहतो. अभियांत्रिकीत त्याला संक्रमण पट्टा म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात काँक्रीटमध्ये नॅनोपदार्थ, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ, मिसळण्याचा विचार करायचा तर तो या पट्ट्यापासूनच सुरू व्हायला हवा, कारण येथे खडीच्या मजबुतीची उणीव नाही, उणीव आहे ती तिच्याभोवतीच्या पकडीची.

सिमेंटची पाण्याशी अभिक्रिया होऊन दोन मुख्य पदार्थ तयार होतात: कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्यामुळे काँक्रीटला बळ येते, आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मुक्त चुना, ज्याचे मोठे चपटे स्फटिक नेमके संक्रमण पट्ट्यातच गर्दी करतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. सिलिकाचे काही नॅनोमीटर ते शंभर नॅनोमीटर आकाराचे कण, म्हणजेच नॅनोसिलिका, लगद्यात मिसळले की ते या मुक्त चुन्याशी संयोग पावून त्याचेही बळकट हायड्रेटमध्ये रूपांतर करतात, कणांमधल्या पोकळ्या भरतात आणि नव्या हायड्रेटला जमण्यासाठी असंख्य जागा पुरवतात. याचे मर्म पृष्ठफळात आहे. एक किलो सिमेंटच्या कणांचे एकूण पृष्ठफळ साधारण ३०० चौरस मीटर, म्हणजे ५० किलोच्या गोणीचे १५ हजार चौरस मीटर भरते. उलट काही प्रकारच्या नॅनोसिलिकाचे एका किलोलाच दोन लाख चौरस मीटर असते. म्हणून गोणीमागे एक किलो, म्हणजे केवळ दोन टक्के, एवढी मात्राही प्रभावी ठरू शकते.

दुसरा नॅनोपदार्थ म्हणजे कार्बन नॅनोनळ्या, कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या. त्यांचे कार्य निराळे आहे. त्या चुन्याशी अभिक्रिया करत नाहीत, तर तंतूप्रमाणे सूक्ष्म तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. ठिसूळ माध्यमात तंतू घालण्याची ही कल्पना या परिसराला अपरिचित नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले आणि ते संशोधन २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या कारागिरांनी हा गिलावा मळला त्यांच्या निरीक्षणशक्तीपुढे आजच्या संशोधकानेही आदराने थांबावे. तथापि वेरूळचे तंतू हाताने पिंजून मातीत कालवता येतात, नॅनोनळ्या मात्र परस्परांच्या आकर्षणामुळे गुंतून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजका राहिला तर मजबुती वाढण्याऐवजी तेथे दोष निर्माण होतो. त्यांना आधी पाण्यात ध्वनिलहरींनी सुटे करावे लागते, सोबत विखुरण्यास मदत करणारे रसायनही लागते. शेकडा ०.०५ एवढी मात्रा धरली तरी गोणीमागे केवळ २५ ग्रॅम द्रव्य येते, आणि तेवढे सर्वत्र सारखे पसरवणे हीच खरी परीक्षा असते.

प्रयोगशाळेतील ठोकळा आणि बांधकामावरील स्लॅब यांतील अंतर मराठवाड्यात आणखी वाढते. सूक्ष्म कण पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मिश्रण घट्ट होते. अशा वेळी मिक्सरमध्ये बादलीभर पाणी वाढवले, तर नॅनोसिलिकाने मिळवलेले बहुतेक सारे वाया जाते, म्हणून त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाणी न घालता मिश्रण सैल करणारे रसायन, वापरावे लागते. शिवाय असे काँक्रीट पृष्ठभागावर फारसे पाणी सोडत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात वरचे पाणी उडून जाते, खालून त्याची भरपाई होत नाही आणि काँक्रीट घट्ट होण्यापूर्वीच त्यावर तडे उमटतात. ओल्या गोणपाटाचे आच्छादन आणि वेळेवर मारलेले पाणी यांची गरज नॅनोपदार्थांमुळे कमी होत नाही, उलट वाढते. टँकरच्या पाण्यावर बांधकाम चालणाऱ्या प्रदेशात ही गोष्ट अंदाजपत्रकातच धरली पाहिजे. सुक्या भुकटीची धूळ फुप्फुसांत जाण्याचा धोका असल्याने कामगारांच्या हाती ती पाण्यात मिसळलेल्या द्रवरूपातच देणे इष्ट.

प्रत्येक भिंतीत नॅनोसिलिका घालण्याचे समर्थन किमतीमुळे करता येत नाही. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणी निघणाऱ्या राखेच्या, म्हणजे फ्लाय अ‍ॅशच्या, संदर्भात मात्र नॅनोसिलिकाचे मोल वेगळे आहे. भारतीय मानकांनुसार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश चालते आणि तेवढ्या प्रमाणात सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावा लागणारा क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ घटक, वाचतो, परंतु राख सावकाश अभिक्रिया करते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत काँक्रीट कमकुवत राहते आणि साचे काढायला उशीर होतो. अल्प नॅनोसिलिका नेमकी हीच आरंभीची उणीव भरून काढते. म्हणून येथील चाचण्यांत केवळ २८ दिवसांची मजबुती मोजून भागणार नाही. स्थानिक काळी खडी आणि राख घेऊन, उन्हाळ्याच्या तापमानात, तिसऱ्या व सातव्या दिवसाची मजबुती आणि पाणी झिरपण्याचे प्रमाणही मोजले पाहिजे.