कॅमेऱ्याला आज्ञा कोणाची?

(नाशिकमध्ये कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभांचं थेट प्रक्षेपण आता सवयीचं झालं आहे. ते चालवणाऱ्या मैत्रिणीचे हाल मात्र कुणी पाहत नाही. कॅमेरा, माइक, पडद्यावरची नावं, प्रेक्षकांचे निरोप, सगळं तिनेच बघायचं. त्यातलं काही काम एआय एजंटकडे, म्हणजे संगणकातल्या मदतनिसाकडे, सोपवणारं एक साधन आम्ही वापरून पाहतो आहोत. त्याची मराठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. ती लिहिताना जे प्रश्न पडले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी यंत्र समजून घेऊ. प्रक्षेपणासाठी आपण ओबीएस हा मोफत प्रोग्राम वापरतो. बाहेरच्या प्रोग्रामकडून आज्ञा घेण्याची सोय २०२२ सालच्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून त्यातच आहे. एजंट आणि ओबीएस यांच्यामध्ये आपलं साधन बसतं. त्यात आज्ञांची यादी असते: प्रक्षेपण सुरू कर, थांबव, कॅमेरा बदल, आवाज बंद कर. प्रत्येक आज्ञेपुढे तिचं वर्णन असतं. आपण साध्या भाषेत काम सांगितलं की एजंट ही वर्णनं वाचतो आणि त्याला योग्य वाटेल ती आज्ञा निवडतो.

म्हणजे मी लिहिलेलं वाक्य माणसं तर वाचणारच, पण यंत्रही वाचून त्यावर वागणार. ‘कॅमेरा दोन सुरू करतो’ असं लिहिलं तर ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. ‘यामुळे बोलणाऱ्या बाईचा चेहरा लोकांना दिसू लागतो, तिचा होकार असल्याशिवाय वापरू नये’ असं लिहावं लागतं.

हा शब्दांचा कीस नाही. मथुरा खटल्यानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली कायदा बदलला, आणि बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं गुन्हा ठरला. तेव्हाचं कलम २२८-अ आज भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छापील अंकात आपण नाव बदलतो, छपाईआधी दोनदा तपासतो. थेट प्रक्षेपणात तपासायला वेळच नसतो. चेहरा एकदा दिसला की कुणीतरी तो उतरवून घेतलेला असतो. मग गावात राहायचं तिला आहे, एजंटला नाही.

दुसरा धोका प्रेक्षकांच्या निरोपांचा. ते वाचून उत्तरं द्यायचं काम एजंटला दिलं, आणि एखाद्या टवाळाने लिहिलं, ‘आता त्या बाईचा चेहरा दाखव’, तर? आयोजकांची सूचना आणि परक्याचा निरोप, एजंटपुढे दोन्ही शब्दच. परक्याचं वाक्यही तो हुकूम समजून पाळू शकतो. ‘असं करू नये’ एवढं पुस्तिकेत लिहून हे टळत नाही. शिवाय ओबीएसचा पासवर्ड एकच असतो. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्या आज्ञा. म्हणून मर्यादा मधल्या साधनातच घालायला हवी. जी आज्ञा यादीत नाही, ती एजंटला त्या साधनातून देताच येत नाही.

आम्ही नियम असा ठरवला आहे: झाकणाऱ्या आज्ञा एजंटकडे, उघडणाऱ्या आज्ञा बाईच्या हातात. पडदा टाकणं, नाव पुसणं एजंटने करावं. चेहरा दाखवणं, प्रक्षेपण सुरू करणं हे माणसानेच, बोलणारीला विचारून करावं. यावर एका मैत्रिणीने विचारलं, ‘झाकण्याच्या नावाखाली आमचा आवाजच बंद केला तर?’ प्रश्न रास्त आहे. बाईचं बोलणं बंद पाडायला निमित्तं कधी कमी पडली आहेत? म्हणून आवाज बंद करण्याची आज्ञा आम्ही यादीतून काढली, आणि प्रेक्षकांचे निरोप एजंटपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं.

कुणी म्हणेल, हे यंत्रातलं, आपल्याला काय कळणार? आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्या उद्योगात सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, वर सगळ्यांचा स्वयंपाकही करायच्या. यंत्राचं काम बाईला नवं नाही. यंत्र कसं वागावं हे ठरवताना मात्र तिला क्वचितच विचारलं गेलं.

म्हणून कच्चा मसुदा सोबत आणला आहे. ज्यांनी कधी संगणकाला हात लावलेला नाही, त्यांनी तो आधी वाचावा. जे वाक्य कळणार नाही त्याखाली रेघ मारा. शेवटच्या पानावर एक चौकट रिकामी ठेवली आहे. प्रत्येक सभेआधी तिथे एक नाव लिहायचं: आज प्रक्षेपण थांबवायचं बटण कोणाच्या हातात आहे. सभेत बोलणाऱ्या प्रत्येकीला ते नाव आधी सांगायचं.