फोटो कुणाचा, पैसा कुणाला?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘मदतकार्य आणि प्रसिद्धी’. हा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी आपल्याच वार्षिक अहवालावर येते आणि मग कुणाला तरी राग येतो. म्हणून आज मुद्दाम लांबचं उदाहरण घेते आहे, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सरहद्दीचं. अहवालाकडे येऊच, पण जरा वळसा घालून.

एम.एस.डब्ल्यू. करताना निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. जिवाच्या भीतीने पळून आलेल्या माणसाला पुन्हा त्याच भीतीच्या तोंडी द्यायचं नाही, एवढा त्याचा गाभा. भारताने त्यावर सही केलेली नाही. अमेरिकेने मात्र 1980 साली तसा कायदाच केला. त्या भूमीवर पाऊल ठेवलेला कुणीही, तो कुठल्याही वाटेने आलेला असो, आश्रय मागू शकतो असं तो कायदा म्हणतो. आता या कायद्यासमोर भिंत ठेवून पाहा. भिंतीचा सगळा हिशेब माणसाचं पाऊल त्या भूमीवर पडूच नये यासाठी आहे.

हा हिशेब केवढ्याला पडला? डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी भिंतीसाठी 5.7 अब्ज डॉलर मागितले, काँग्रेसने दिले नाहीत, आणि 35 दिवस सरकारी कचेऱ्या बंद राहिल्या. सुमारे आठ लाख नोकरदारांचे पगार अडकले. शेवटी 1.375 अब्ज मिळाले, तेव्हा फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लष्कराच्या बांधकामाचा पैसा तिकडे वळवला. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल या लष्करी तळावरच्या मुलांच्या शाळेचा पैसाही त्यात गेला. त्या कारकिर्दीत सुमारे 15 अब्ज डॉलरमध्ये 458 मैल भिंत झाली, तीही बहुतेक जुन्या कुंपणाच्या जागी. भागाकार मी घरी केला: किलोमीटरला सरासरी दोन कोटी डॉलर. 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्याने भिंतीसाठी आणखी 46.5 अब्ज ठेवले.

तीस फूट उंचीची ही भिंत लोक तरीही चढतात आणि पडतात. ती उंच झाल्यावर सॅन दिएगोच्या रुग्णालयात पडून जखमी झालेल्यांची संख्या पाचपटीच्या वर गेल्याचं तिथल्या डॉक्टरांनी 2022 साली प्रसिद्ध केलं. मोडलेल्या पाठीचा आणि टाचांचा खर्च भिंतीच्या खात्यात धरत नाहीत.

आता फोटोंकडे. 12 जून 2018 च्या रात्री टेक्सासमधल्या मॅकॅलनजवळ जॉन मूर हे छायाचित्रकार सरहद्दीच्या गस्तीबरोबर फिरत होते. होंडुरासहून आलेल्या एका बाईची झडती चालली होती. तिला कडेवरची मुलगी खाली ठेवायला सांगितली. दोन वर्षांचीही नसेल ती पोर, गुलाबी सदरा घातलेली, वर बघून रडते आहे. मोठ्या माणसांचे फक्त पाय आणि हात दिसतात. हा फोटो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. पुढे त्याला जागतिक पुरस्कारही मिळाला.

त्या दिवसांत आईबापांपासून मुलं तोडण्याचं सरकारी धोरण जोरात होतं. फोटो पाहून एका जोडप्याने निर्वासितांना वकील देणाऱ्या टेक्सासमधल्या संस्थेसाठी वर्गणी काढली. अपेक्षा दीड हजार डॉलरची होती, जमले दोन कोटींच्या वर. 20 जूनला सरकारला तोडातोडीचा हुकूम मागे घ्यावा लागला. हे श्रेय एकट्या फोटोचं नाही, पण फोटोशिवाय ते इतक्या लवकर झालं नसतं असं मला वाटतं.

मग ‘टाइम’ने त्या मुलीचं चित्र कापून, ट्रम्प यांच्यासमोर उभं करून मुखपृष्ठ केलं. दुसऱ्याच दिवशी कळलं की या मायलेकींची ताटातूट झालीच नव्हती. होंडुरासमध्ये तिच्या बापाने दूरचित्रवाणीवर मुलीला ओळखलं होतं. सरकारी बाजूला आयतंच कोलीत मिळालं: पाहा, सगळंच खोटं! ज्या हजारो मुलांची खरोखर ताटातूट झाली, त्यांच्यावरही शंकेची सावली पडली. मूर यांनी कुठे खोटं लिहिलं नव्हतं. जे दिसलं ते त्यांनी टिपलं. त्या फोटोत नसलेली गोष्ट आपण, पाहणाऱ्यांनी, त्यात भरली.

आणि त्या आईचं काय? अंगाला सरकारी हात लागलेले असताना बाईने ‘हो’ म्हटलं काय आणि काहीच म्हटलं नाही काय, तिला संमती म्हणायचं का? पोलीस ठाण्यात आपल्यासमोर बसलेल्या बाईला कुणी असं विचारलं तर आपण भांडलो असतो.

या फोटोच्या आदल्याच दिवशी, 11 जून 2018 ला, आणखी एक गोष्ट घडली. तिचा फोटो निघण्यासारखा नव्हता. अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी एल साल्वादोरच्या एका बाईच्या प्रकरणात निर्णय दिला की नवऱ्याची मारहाण हे आश्रय देण्याचं कारण साधारणपणे मानता येणार नाही. ती ‘खाजगी’ हिंसा! घरातलं आहे, घरात मिटवा, हे वाक्य आपण चौकीत किती वेळा ऐकलं आहे! ते तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं. 2021 साली तो निर्णय रद्द झाला, आणि 2025 साली नव्या अ‍ॅटर्नी जनरलनी पुन्हा तीच भूमिका घेतली. दारात उभ्या असलेल्या किती बाया या एका कागदाने परत फिरल्या असतील! त्यांच्यासाठी वर्गणी निघाली नाही. आणि मारणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईचा चेहरा छापला तर तो नवराही वर्तमानपत्र वाचतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरा फोटो जून 2019 चा. रिओ ग्रांदे नदीच्या काठी बाप आणि जवळजवळ दोन वर्षांची लेक पालथे पडलेले, लेक बापाच्या सदऱ्यात, तिचा हात त्याच्या मानेभोवती. सरहद्दीच्या पुलावर आश्रय मागायची सोय जवळजवळ बंद केल्यामुळे हे कुटुंब नदीत उतरलं. आई काठावरून पाहत होती. मेक्सिकोच्या पत्रकार जूलिया ले द्यूक यांनी तो फोटो काढला. त्याच आठवड्यात काँग्रेसने सरहद्दीवरच्या मदतीसाठी 4.6 अब्ज डॉलर मंजूर केले. कोठड्यांमधली वागणूक कशी असावी याच्या अटी त्या पैशाला जोडाव्यात असा प्रतिनिधी सभेचा आग्रह होता. घाईत बहुतेक अटी गळाल्या.

पैसा गेला कुठे? बराचसा एकट्या आलेल्या मुलांच्या व्यवस्थेकडे गेला, ते योग्यच झालं. पण सरहद्द खात्याला अन्न, नित्याच्या गरजेच्या वस्तू आणि औषधोपचार यासाठी जी रक्कम मिळाली, त्यातून श्वानपथक, डोंगराळ भागात चालवायच्या गाड्या आणि मोटारसायकली यांवर खर्च झाल्याचं अमेरिकेच्या हिशेब तपासनीसांनी जून 2020 मध्ये जाहीर केलं आणि तो नियमबाह्य ठरवला. डायपरच्या पैशातून मोटारसायकल! फोटो पाहून डोळे पुसणारं जग तोवर पुढे गेलं होतं.

त्याच जून महिन्यात आणखी एक मूल गेलं. सहा वर्षांची मुलगी, आपल्याच देशातली. दलालांनी त्यांना अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सोडलं, उन्हाचा पारा 42 अंशांवर. आई पाणी शोधायला निघाली, लेकीला बरोबरच्या बाईजवळ ठेवून. आई सापडली ती दुसऱ्या दिवशी, आणि मुलीचा मृतदेहही. जगभर पोचलेला फोटो नाही, म्हणून संसदेत टेबलावर आपटायला काही नाही. त्याच राज्यात काही स्वयंसेवी गट वर्षानुवर्षं वाळवंटात पाणी ठेवत आले आहेत. एका कार्यकर्त्याने दोन माणसांना अन्न आणि निवारा दिला, तर त्याच्यावर खटला भरला. नोव्हेंबर 2019 मध्ये तो सुटला.

मॅकॅलनमध्ये सिस्टर नॉर्मा पिमेंतेल यांचं केंद्र 2014 पासून कोठडीतून सुटलेल्यांना आंघोळ, गरम सूप आणि स्वच्छ कपडे देत आलं आहे. अशा निवाऱ्यांसाठी 2024 च्या सरकारी वर्षात केंद्राचं अनुदान होतं सुमारे 64 कोटी डॉलर. 2025 मध्ये ती योजनाच बंद केली. 46.5 अब्जांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

आणि आता सरकारच फोटो काढतं. फेब्रुवारी 2025 मध्ये 104 भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलं. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. साखळ्या घातलेले पाय विमानात चढतानाची चित्रफीत तिथल्या सरहद्द खात्याच्या प्रमुखांनी स्वतःच प्रसिद्ध केली. मूर यांचा फोटो लाज वाटावी म्हणून होता, हा धाक बसावा म्हणून. साखळीतल्या माणसाला दोन्ही वेळी कुणी विचारलं नाही.

तर आता अहवाल. मागच्या वर्षी एका देणगीदार कंपनीकडून पत्र आलं: ‘लाभार्थी महिलांचे भावस्पर्शी फोटो पाठवावेत.’ भावस्पर्शी म्हणजे काय, हे मी फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी चांगली होती बिचारी, म्हणाली, “म्हणजे ताई, थोडं आधीचं, मदत मिळायच्या आधीचं.” आमच्या निवारागृहातल्या एका बाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “आधीचा फोटो माझ्या नवऱ्याकडं हाय, लग्नातला. त्यो मागवा म्हणावं.” आणि मशीनवर शिवायला बसली.

फोटो मुळीच नकोत असं माझं म्हणणं नाही. दोन कोटी डॉलर ज्या वकिलांना मिळाले, त्यांनी कोठडीतल्या माणसांची बाजू लढवली. ते मला नाकारता येत नाही. पण फोटो कुणी काढायचा, कधी काढायचा, कुठे छापायचा आणि त्यावर आलेला पैसा कुठल्या खात्यात गेला हे त्या बाईला कधी सांगायचं, हे कागदावर हवं. संमतीचा एक अर्ज मी तयार केला आहे, दीड पानाचा. बाई निवारागृहात आल्यावर निदान महिनाभर तिला विचारायचंच नाही, आणि ‘नाही’ म्हटल्याने तिची एकही सोय कमी होणार नाही, ही दोन वाक्यं त्यात सर्वांत वर आहेत. नंतर मन बदललं तर फोटो मागे घेता येईल, असंही आहे. छापून झालेल्या अंकाचं काय करायचं, ते मला सुचलेलं नाही. मसुदा चहाच्या टेबलावर ठेवला आहे. पेन्सिलीही आहेत, खोडायचं ते खोडा.