परमुलखातले पान
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, तंजावर येथे केलेले भाषण)



'परदेशातील अनुभव' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मनातून संकोचलो. आमचा परदेश म्हणजे २०२३ साली न्यूयॉर्कला काढलेले तीन आठवडे. तेही कन्येच्या खर्चाने, कारण सरकारची रजा प्रवास सवलत समुद्र ओलांडीत नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि उत्तुंग इमारती यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील. म्हणून आज केवळ एका जेवणाविषयी बोलण्याचे योजिले आहे.

ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात 'बॉनीज' नावाचे एक भोजनगृह २०२१ च्या अखेरीस उघडले. कॅल्व्हिन एंग या न्यूयॉर्कमध्येच वाढलेल्या चिनी वंशाच्या तरुण पाकनिपुणाने ते काढले आणि त्यास आपल्या आईचे नाव दिले. तेथील जेवणास 'कँटोनीज-अमेरिकन' म्हणतात. कन्या आम्हांस मोठ्या हौसेने तेथे घेऊन गेली. तरुण मंडळींची एवढी दाटी, की पन्नाशी उलटलेले बहुधा आम्ही दोघेच असू. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यास निवडीला फारसा वाव नव्हता. आमच्यापुढे नूडल्स आल्या. आंबवलेल्या सोयाबीनच्या पनीरात त्या घोळलेल्या, आणि रीत मात्र इटालियन, म्हणजे चीज व भरपूर मिरपूड. चव उत्तम होती. परंतु सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसास प्रत्येक कागद कोणत्या फाइलीत जातो हे कळल्याविना चैन पडत नाही. आम्ही कन्येस विचारले, "हे चिनी म्हणायचे, की इटालियन?" ती म्हणाली, "बाबा, न्यूयॉर्कच्या चिनी घरातलं म्हणा."

या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि कँटन प्रांतातील माणसे तिकडे लोटली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांस दार बंद झाले, ते १९४३ पर्यंत. व्यापाऱ्यांस मात्र सूट होती, आणि १९१५ नंतर भोजनगृहाच्या मालकाचीही गणना व्यापाऱ्यांत होऊ लागली. साहजिकच अनेकांनी हाती झारा घेतला. गावाकडची भाजी मिळेना, तर मिळेल ती चिरली. गिऱ्हाइकास गोड रुचते, तर साखर घातली. 'चॉप सुई' हा त्यातलाच पदार्थ. मायदेशाहून आलेले चिनी पाहुणे त्यास नाके मुरडीत, की हे आमचे नव्हेच.

हे शब्द मनात आले आणि आमचा घास हातात राहिला. कारण अगदी याच शब्दांत आम्ही स्वतः कोणास तरी बोललो होतो, आणि तेही येथे, याच मंडळात.

आमची तंजावरास बदली झाली त्या वर्षीची गोष्ट. गणेशोत्सवाच्या पंगतीसाठी पश्चिम राजवीथीवरील एका जुन्या तंजावरी मराठी घरातील आजींनी पातेलेभर रसवांगी करून आणली होती. आम्ही नुकतेच साताऱ्याहून आलेलो, जिभेवर भरल्या वांग्याची आठवण. पानात चिंच, तूरडाळ, धणे आणि वाटलेले खोबरे पाहून आम्ही मोठ्याने म्हणालो, "हे तर सांबारच, आपले वांगे असे नसते." चारचौघे हसले. आजी काही बोलल्या नाहीत. पुढील वर्षी मात्र त्यांचे पातेले आले नाही, त्याच्या पुढील वर्षीही नाही, आणि ते का आले नाही हे आम्ही कोणास विचारलेही नाही.

त्या आजींचे पूर्वज येथे आले ते व्यंकोजीराजांच्या मागोमाग, म्हणजे १६७६ च्या आसपास. १८५५ साली राज्य खालसा झाले, पण माणसे परत गेली नाहीत. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसलेकुळाचा मराठी लेख आम्ही पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. सरस्वती महालातील मराठी पोथ्यांचे, त्यांतील 'सरभेंद्र पाकशास्त्रा'चेही कौतुक सांगतो. कोकम संपले म्हणून संभाजीराजांसाठी चिंच घातली आणि त्यातून सांबार जन्मले, ही कथाही खुशाल सांगतो, जरी तीस कागदाचा आधार नाही. दगडावरील आणि पोथीतील मराठी आम्हांस वंद्य. पानावर वाढलेली तेवढी परकी! शब्दांकडेच आमचे लक्ष गेले नव्हते. रसवांगी म्हणजे रसातली वांगी. येथील तमिळ घरांत शिजणाऱ्या 'पिटलै'चे नाव पिठल्याशी, 'कोसुमल्ली'चे कोशिंबिरीशी नाते सांगते. शेजाऱ्यांनी आपली नावे उचलली, आणि आपणच ती ओळखली नाहीत.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही सपत्नीक आजींच्या घरी गेलो. क्षमा मागण्याचे वाक्य वाटेत तीनदा जुळविले होते. ते पुरे होण्याआधीच त्यांनी पाने मांडावयास सांगितले. केळीच्या पानावर प्रथम आले ते दह्यात कालविलेले, वर मोहरी-हिंगाची फोडणी दिलेले उडदाचे पीठ. आजी त्यास डांगर पचडी म्हणतात. आमची आजी डांगर करीत असे. ती गेल्यापासून आमच्या घरी कोणी ते केले नाही, आणि ते करायचे राहून गेले आहे हेही कोणाच्या ध्यानी आले नाही. आम्ही चाळीसएक वर्षांनी पहिला घास घेतला. पत्नीने पाहिले आणि मुद्दाम दुसरीकडे मान वळविली.

रसवांगी आम्ही दोनदा मागून घेतली. ती भरल्या वांग्यासारखी लागत नाही. लागावी अशी अपेक्षा आता उरलीही नाही. पत्नीने कृती उतरवून घेतली. प्रमाण विचारले तर आजींनी तळहात पुढे केला, म्हणून त्या वहीत 'आजींची मूठ' असेच माप लिहिलेले आहे. त्याची एक प्रत कन्येकडे गेली आहे. तिकडे कोवळी वांगी मिळत नाहीत म्हणून ती मोठ्या वांग्याच्या फोडी घालते, आणि चिंच कमी. आम्ही त्यावर अभिप्राय दिलेला नाही.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, पंगत तयार असल्याची. आज पश्चिम राजवीथीवरून दोन पातेली आली आहेत आणि आजी स्वतः पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही आपली रजा घेतो.