चिंध्यांचा पहिलवान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "गोधडी" असे सांगितले. आज बोलणार आहे ते गोधडीच्या कामाविषयीच. मात्र ही गोधडी पांघरायची नसून तिच्यावर हात चालवायचा आहे. स्वसंरक्षणाच्या सरावासाठी घरच्या घरी माणसाएवढा बाहुला कसा शिवावा, हे मला सांगायचे आहे.

सरावाला निर्जीव जोडीदार घेण्याची चाल जुनीच आहे. आपल्या मल्लखांबाच्या नावातच मल्ल आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा नावारूपाला आणली. ओकिनावा बेटावर भाताच्या पेंढ्याने गुंडाळलेल्या खांबावर मुठी मारतात. त्याला माकिवारा म्हणतात. चीनमधील विंग चुन विद्येची तर दंतकथाच अशी की, ती एका भिक्षुणीने एका मुलीला शिकवली आणि त्या मुलीने बळजबरीने लग्न करू पाहणाऱ्या गुंडाला पळवून लावले. या विद्येतील लाकडी माणसाला तीन हात आणि एक पाय असतो. पूर्वी तो जमिनीत पुरीत. हाँगकाँगच्या लहानशा बिऱ्हाडांत पुरायला जमीन कुठली? म्हणून तेथे तो भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांवर बसवू लागले. तेव्हा, "आमच्या घरात जागा नाही" ही सबब आपण आजपुरती तरी बाजूला ठेवू या.

लाकूड मात्र नवख्या हाताला लागते. आपल्याला चिंध्याच बऱ्या. एक जाड जीनची विजार आणि लांब बाह्यांचा जाड सदरा घ्यावा. शिवणी उलट बाजूने दुहेरी माराव्यात. जुन्या साड्या, चादरी, टॉवेल यांचे वीतभर तुकडे करावेत. बटणे, हूक, साखळ्या आठवणीने काढून टाकाव्यात, नाहीतर हात सोलवटतो. चिंध्या थेट आत कोंबल्या, तर चार दिवसांत त्या खाली बसतात आणि बाहुल्याला पोट सुटते! म्हणून त्या आधी उशीच्या अभ्र्यांत ठासून भराव्यात, अभ्र्यांची तोंडे शिवावीत आणि मग ते अभ्रे एकावर एक बसवावेत. वाळू घालू नये; ती दगडासारखी घट्ट होते आणि मनगट दुखावते. विजार आणि सदरा कमरेशी दाभणाने शिवून घ्यावेत. डोक्याला जाड कापडाची पिशवी करावी आणि मानेशी दुहेरी टाके घालावेत.

टांगण्यासाठी दोन्ही काखांखालून रुंद पट्टा घ्यावा आणि तो झोपाळ्याच्या भक्कम कडीला अडकवावा. मानेला दोर कधीही बांधू नये. घरातल्या लहान मुलांनी काय पाहावे, याचा विचार आपणच करायचा. मी केलेल्या बाहुल्याचे वजन चौदा किलो भरले. त्याला कपाट भरून जुने कपडे लागले. खर्च झाला तो दोऱ्याचा आणि पट्ट्याचा.

आता, हा उपद्व्याप कशासाठी? आमच्या आळीतील एका मुलीची संध्याकाळची शिकवणी गेल्या वर्षी बंद झाली. वाटेवर त्रास देणारी मुले मोकळी राहिली आणि शिक्षा भोगली ती तिने. घरच्यांची काळजी मला समजते. पण प्रत्येक वेळी मुलीचीच वाट बंद करायची, हा उपाय मला पटत नाही.

आपल्या हातांत बळ नाही असे नाही. पाण्याचे हंडे आणि गव्हाची पोती उचलणारे हेच हात. पण "ओरडू नकोस, हात उगारू नकोस" हे आपण इतके ऐकलेले असते की, प्रसंगी हात उठतच नाही आणि आवाज घशात अडकतो. हा संकोच व्याख्याने ऐकून जात नाही. तो रोज दहा मिनिटांच्या सरावाने जातो, आणि सराव करायला समोर कोणीतरी लागते.

बाहुल्यावर नाक, पोट, गुडघा आणि नडगी येथे रंगीत ठिगळे लावावीत. मूठ मारू नये. कच्च्या मुठीत आपलीच हाडे मोडतात. हाताची बोटे मागे वळवून तळव्याचा मनगटाजवळचा भाग नाकाच्या ठिगळावर मारावा. पोटावर गुडघा, नडगीवर पायाची टाच. पहिला आठवडा हळू मारावे, आणि प्रत्येक फटक्याबरोबर मोठ्याने "मागे हो!" असे ओरडावे. शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी!

मात्र बाहुला उलट मारीत नाही, पकडीतही धरीत नाही. पकड सोडविणे जाणत्या शिक्षिकेकडूनच शिकावे. पळता येत असेल तर आधी पळावे, आणि ११२ क्रमांक फिरवावा. कायदाही आपल्या बाजूला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वतःच्या बचावाच्या हक्काची आहेत. बचावाला लागेल तेवढेच बळ वापरावे, अशी त्यांची मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे.

शेवटी एक विनंती. पुढच्या महिन्याच्या शिवणवर्गात मंडळासाठी असा एक बाहुला आपण मिळून शिवू या. प्रत्येकीने दोन जुनी कपडे आणि एक अभ्रा आणावा. येताना मुलींना, सुनांना बरोबर आणावे. सासूबाईंनाही आणावे, कारण जोराने ओरडायला त्याच आधी शिकतील, अशी माझी खात्री आहे. शिकवणी बंद झालेल्या त्या मुलीला मी स्वतः घेऊन येणार आहे.